माळ्यावरचा डबा

खनिज तेलाला आपल्या घरांत तीन नावं होती. आमची दादी त्याला मिट्टी का तेल म्हणायची. शेजारच्या वाड्यातल्या काकू रॉकेल म्हणायच्या. आणि दुपारी हातगाडी ढकलत येणारा विक्रेता 'घासलेऽऽट' अशी लांबलचक आरोळी ठोकायचा. घासलेट म्हणजे 'गॅसलाइट' या इंग्रजी शब्दाचं आपल्या जिभेवर झालेलं रूप. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातलं तेल. पण माती कुणाची आणि खडक कुणाचा, हे या तीनही नावांत कुठे सांगितलेलं नाही. आज आपल्याला बोलायचं आहे ते त्या न सांगितलेल्या गोष्टीबद्दल.

मी कसबा पेठेतला. आमच्या घरापासून तांबट आळी हाकेच्या अंतरावर. सकाळी हातोड्यांचा ठोका सुरू झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा. तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम करून तिथे हंडे, घंगाळी आणि बंब तयार होत. बंब आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. मधोमध नळकांडं, त्यात विस्तव, भोवती पाणी. त्याच्या पोटात काय घालायचं याला काही बंधन नव्हतं. लाकडाच्या ढलप्या, कोळसा, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या, जुन्या परीक्षेचे पेपरसुद्धा. जे मिळेल ते खाऊन तो पाणी तापवून द्यायचा. स्टोचं तसं नव्हतं. स्टोला रॉकेलच लागायचं, आणि ते नसलं की पितळेचा तो चकचकीत स्टो नुसता शोभेचा.

म्हणून आमच्या घरी माळ्यावर रॉकेलचा एक डबा असे. पत्र्याचा, चौकोनी, तोंडाला चिंधीचा बोळा घट्ट बसवलेला. रोजच्या वापराचं रॉकेल खाली, मोरीशेजारच्या कॅनमध्ये. माळ्यावरचा डबा काढायचा नाही, हा दादीचा कायदा. दर दोन-तीन महिन्यांनी त्यातलं तेल खालच्या कॅनमध्ये ओतायचं आणि नवं तेल वर ठेवायचं, म्हणजे ते जुनं होऊ नये. डबा मात्र भरलेला पाहिजे. पाहुणे आले, ईद आली, तरी त्याला हात नाही. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "बर्मा गया था तब मालूम पडा."

बर्मा गेला, म्हणजे काय झालं होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

पेशवाईतल्या पुण्यात दिवे जळत ते करडईच्या, एरंडीच्या तेलावर. घाणा आपला, तेली आपला, शेतही जवळचंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरात परदेशी रॉकेल उतरू लागलं. आधी अमेरिकेचं, मग रशियातल्या बाकूचं, आणि पुढे ब्रह्मदेशातल्या विहिरींचं. ते स्वस्त होतं आणि उजेड जास्त देत होतं. पणती हळूहळू देवापुढे आणि दर्ग्यात उरली, बाकी घर कंदिलाच्या आणि चिमणीच्या ताब्यात गेलं. गंमत अशी, की स्वदेशीच्या चळवळीत आपण विलायती कापडाची होळी केली, पण ती पेटवायला कुठलं तेल वापरलं याची चौकशी कुणी केली नसावी. उजेड परदेशी आहे हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं. ते ध्यानात आलं १९४२ साली.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. जपानी फौजा पुढे सरकत होत्या. तेल त्यांच्या हाती लागू नये म्हणून माघार घेणाऱ्या इंग्रजांनी रंगूनजवळचा सिरियमचा शुद्धीकरण कारखाना आणि एप्रिलमध्ये येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानात लागणाऱ्या रॉकेलचा मोठा हिस्सा तिथून येत असे. आसामात दिगबोईला आपलं तेल होतं. तिथला कारखाना १९०१ पासून चालू होता. पण एवढ्या मोठ्या देशाला ते कुठे पुरणार? पेट्रोलचं रेशनिंग आधीच सुरू झालं होतं. आता रॉकेलसाठीही रांगा आल्या.

माझे आजोबा तेव्हा एका खासगी मोटारीवर क्लीनर होते. पेट्रोल नाही म्हणून गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवलेली. लोक तिला भट्टीच म्हणत. पहाटे उठून तिच्यात कोळसा भरायचा, पंख्याचा दांडा फिरवून विस्तव फुलवायचा, गॅस तयार व्हायला वेळ द्यायचा आणि मग गाडी सुटायची. चढ लागला की उतारूंनी खाली उतरायचं आणि धक्का मारायचा. आजोबांचे हात त्या दिवसांत काळे झाले ते काळेच राहिले, असं दादी सांगायची. आणि रात्री घरात उजेड नाही. दादीचं पहिलं मूल त्या वर्षी अंधारात गेलं. ताप होता. औषधाची बाटली कुठली आणि दुसरी कुठली हेही नीट दिसत नव्हतं, एवढंच ती सांगायची. पुढचं सांगत नसे. माळ्यावरचा डबा त्यानंतरचा.

आता जरा मोठ्या घराकडे, म्हणजे देशाकडे पाहू. स्वातंत्र्यानंतर आपलं तेल मुख्यतः इराणच्या आखातातून येत होतं. १९५१ मध्ये इराणमध्ये मोसद्देक यांनी तेलउद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि आबादानचा अवाढव्य शुद्धीकरण कारखाना ठप्प झाला. तयार पेट्रोल-रॉकेल बाहेरून आणण्यापेक्षा कच्चं तेल आणून इथेच शुद्ध करावं, हा विचार मग पक्का झाला. मुंबईत ट्रॉम्बेला १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा कारखाना उभा राहिला. चिमण्या आपल्या आकाशात, कामगार आपले, जमीन आपली. लोकांना वाटलं, झालं, आता तेलाची काळजी मिटली. पण करारात एक कलम होतं. पंचवीस वर्षं या कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण करायचं नाही. आणि त्यांत कुठलं कच्चं तेल घालायचं, हे मालक ठरवणार.

त्याचा अर्थ १९६० मध्ये समजला. सोव्हिएत रशियाने भारताला बाजारभावापेक्षा स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तेही रुपयांत. परकीय चलनाची चणचण असलेल्या सरकारला यापेक्षा चांगलं काय हवं होतं? पण बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स, तिघांनीही ते तेल आपल्या कारखान्यांत शुद्ध करायला नकार दिला. त्यांना स्वतःच्या विहिरींचं तेल, स्वतःच्या भावाने, स्वतःच्या कारखान्यांना विकायचं होतं. सरकार काही करू शकलं नाही. निदान भावाचा हिशेब तरी तपासू, म्हणून के. आर. दामले या सनदी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. तेलाच्या किमतींचा इतक्या बारकाईने हिशेब मांडणारा आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रयत्न. कंपन्यांना भावात काही सूट द्यावी लागली. दामल्यांचं नाव आज कुणाच्या लक्षात नाही. त्यांच्या नावाने एखादा चौक असायला हरकत नव्हती, इतक्या ऐऱ्यागैऱ्यांच्या नावाने चौक आहेत.

ही ट्रॉम्बेची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. कारखाना आपल्या अंगणात असणं वेगळं आणि तेल आपलं असणं वेगळं. अलीकडे कोकणात नाणारला आणि नंतर बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून केवढं रणकंदन झालं. २०१९ मध्ये नाणारचं भूसंपादन रद्द झालं, २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला आलेल्यांपुढे बायाबापड्या आडव्या झाल्या. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. पण देशाच्या ऊर्जासुरक्षेसाठी हा प्रकल्प हवा असं म्हणणाऱ्यांना एक विचारायला हवं होतं : त्या कारखान्यात ओतायचं कच्चं तेल कुठून येणार होतं? ते बाहेरूनच येणार होतं. प्रकल्पाच्या बाजूने इतर कारणं असतील, नाही असं नाही. पण शंभर वर्षांपूर्वी, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा बुडणाऱ्या गावांच्या बदल्यात निदान आपल्याच पाण्याची वीज निघणार होती, ती मुंबईच्या गिरण्यांना का जाईना.

असो. आपण १९७३ कडे येऊ. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटलं आणि अरब राष्ट्रांनी तेलाचं हत्यार उपसलं. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेला. आपलं तेलाच्या आयातीचं बिल १९७२-७३ मध्ये सुमारे २०० कोटी रुपये होतं, ते १९७४-७५ मध्ये ११०० कोटींच्या पुढे गेलं. इंदिरा गांधी पेट्रोल वाचवा म्हणून घोडागाडीतून निघाल्या, तर अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत आले. दोन्ही फोटो छान आले.

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात एक वेगळं काम चाललं होतं. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाने केलेल्या पाहणीत किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल असण्याजोगी खडकांची रचना दिसली होती. 'सागर सम्राट' हे जपानमध्ये बांधलेलं, समुद्रात पाय रोवून उभं राहणारं यंत्र तिथे नेण्यात आलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये विहीर खणली गेली आणि तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्राखालून नळ टाकून तेल आणि वायू उरणला आणले गेले. एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारच्या ताब्यात आली होती. म्हणजे आता खडक आपला, नळ आपला, कारखानाही आपला. आपण एवढे खूश झालो, की सागर सम्राटाचं चित्र थेट एक रुपयाच्या नोटेवर छापलं. तुमच्याकडे जुनी नोट असेल तर उलटून पाहा.

तरीसुद्धा १९७९-८० चा हिवाळा मला रांगेत उभं राहिल्याचा आठवतो. मी अकरा वर्षांचा होतो. इराणमध्ये क्रांती झालेली, जगात भाव पुन्हा दुपटीहून वर गेलेले. इकडे आसाम आंदोलनाने बरौनीच्या कारखान्याकडे जाणारं कच्चं तेल अडवलेलं. म्हणजे तेल आपलंच, पण तेही आपल्यापर्यंत पोहोचत नव्हतं. तिथल्या लोकांचं म्हणणं साधं होतं : तेल आमच्या जमिनीतून जातं, आम्हाला काय मिळतं? हा सवाल फक्त परदेशीच विचारतात असं आपल्याला उगीच वाटत असतं.

आमच्या रेशन दुकानापुढे पहाटेपासून कॅन आणि डब्यांची रांग लागे. माणसं घरी, डबे रांगेत. डबा नसेल तर विटेवर खडूने नाव. टँकर आल्याची हूल उठली की सगळे धावत, आणि मग कुणाची वीट कुठे होती यावरून भांडणं. कार्डावर ठरलेलं रॉकेल, तेही माप हातचं राखून. दुकानदार माप इतक्या चपळाईने नरसाळ्यात उपडं करी, की फेसाचंच पाव लिटर भरावं. एकदा माझ्या पुढे चार माणसं असताना पिंप संपलं. मी रिकामा कॅन घेऊन घरी आलो. त्याच रात्री शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला आलेली, तिला कळा सुरू झाल्या आणि दिवे गेले. त्यांच्या कंदिलात तेल नव्हतं. दादीने अब्बांना माळ्यावर चढवलं. तो डबा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. रात्रभर दोन कंदील आणि एक स्टो जळत होता. पहाटे मुलगी झाली. दादीने डब्यात काठी बुडवून उरलेलं तेल मापलं आणि अब्बांना म्हणाली, "आठ दिन का है."

दादी तेलाचा हिशेब नेहमी दिवसांत करायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढची पाच-सहा वर्षं सुखाची गेली. १९८० च्या दशकाच्या मध्याला देशाला लागणाऱ्या तेलापैकी जवळजवळ ७० टक्के तेल देशातच निघत होतं, त्यातलं बरंचसं मुंबई हायचं. आमच्या आळीत एकेका घरी गॅसचा नंबर लागला. नंबर लागणं हा त्या काळातला केवढा आनंदाचा शब्द! पेढे वाटले जात. स्टो माळ्यावर गेले. रस्त्यांवर स्कूटरी वाढल्या. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने सायकल केव्हा सोडली हे पुण्यालाही कळलं नाही. भविष्यात समुद्रातून आणखी तेल निघेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. साठा करावा, वापर आवरावा, असं सांगणारे लोक होते. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था १९७८ पासून तेच सांगत होती. पण भरल्या डब्यापुढे कोण ऐकतो?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतलं. आमचे एक मामू कुवेतला होते. महिनाभर पत्ता नाही. मग ते जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरले. त्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणलं. मामूंच्या हातात एक पिशवी होती आणि तिच्यात दोन शर्ट. म्हणजे आखाताशी आपलं नातं दुहेरी : तिकडून तेल येत होतं आणि तेलाची किंमत चुकवायला लागणाऱ्या पैशांपैकी काही पैसा आपलीच माणसं तिकडून पाठवत होती. त्या वर्षी दोन्ही वाटा एकदम आटल्या. तेल महागलं, परकीय चलन संपत आलं आणि १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर गेलं, गहाण पडायला. त्या संकटाला इतरही कारणं होती, अर्थशास्त्रज्ञ ती सांगतात. पण दादीने बातमी ऐकली आणि एवढंच विचारलं, घरात सोनं ठेवलं, तेल नाही ठेवलं?

देशाने तेल ठेवायचं ठरवलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. श्रीमंत देशांनी १९७४ मध्येच आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढून सभासदांवर ९० दिवसांच्या आयातीइतका साठा ठेवण्याचं बंधन घातलं होतं. आपल्याकडे त्यासाठीची कंपनी स्थापन झाली २००४ मध्ये. विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळचं पाडूर इथे जमिनीखालचा खडक पोखरून मोठमोठ्या गुहा तयार केल्या गेल्या. २०१५ ते २०१८ या काळात त्या वापरात आल्या. तिन्ही मिळून ५३.३ लाख टन कच्चं तेल मावतं. शब्दांशी खेळण्याची सवय असल्याने मला याची मौज वाटते. दुसऱ्याच्या खडकातलं तेल विकत आणायचं आणि आपल्या खडकात ओतून ठेवायचं. रॉकेल या शब्दाला एवढ्या वर्षांनी आपला खडक मिळाला. २०२० मध्ये महासाथीत भाव कोसळले तेव्हा या गुहा सरासरी १९ डॉलर पिंप अशा भावाने भरून घेतल्या गेल्या आणि सुमारे ५००० कोटी रुपये वाचले. दादी असती तर या व्यवहाराला तिने मान डोलावली असती.

पण त्या गुहा पूर्ण भरल्या तरी किती दिवसांचं तेल? सरकारी हिशेबाने सुमारे साडेनऊ. तेल कंपन्यांच्या टाक्यांमधला साठा धरला तर ७४ दिवसांच्या आसपास. ओडिशातलं चंडीखोल आणि पुन्हा पाडूर मिळून आणखी ६५ लाख टनांच्या गुहांना जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. दरम्यान गरज वाढत राहिली, मुंबई हाय म्हातारं झालं आणि कच्च्या तेलाची आयात ८५ टक्क्यांच्या पुढे गेली. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा रशियाने पुन्हा स्वस्त तेल देऊ केलं. १९६० मध्ये आपले कारखाने नाही म्हणाले होते, या वेळी ते हो म्हणाले आणि दोन वर्षांत आपल्या आयातीत रशियाचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे गेला. निवड आपली होती, हा साठ वर्षांतला खरा फरक. पण एकाच दुकानावर फार दिवस विसंबू नये हे रांगेत उभ्या राहिलेल्याला सांगावं लागत नाही. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण बारा दिवस लढले, तेव्हा होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी बंद होते की काय या धास्तीने साऱ्या जगाने नकाशे उघडले.

साठ्याचं बोलतो तेव्हा गळतीचंही बोललं पाहिजे. रेशनचं स्वस्त रॉकेल गरिबाच्या स्टोसाठी होतं. डिझेल महाग आणि रॉकेल स्वस्त, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळलं जाई. काकूंच्या कंदिलातलं तेल कुणाच्या तरी ट्रकमध्ये जात होतं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला ही भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. रॉकेलनेच. त्या दिवशी मी काही लिहायला बसलो होतो. एक ओळ झाली नाही.

मला वाटतं, ऊर्जासुरक्षेची चर्चा आपण नेहमी विहिरीपाशी सुरू करतो. तेल आपलं की परकं, रशियाचं की सौदीचं. कसब्यात वाढलेल्या माणसाला ती चर्चा रांगेच्या शेवटच्या टोकापाशी सुरू करावीशी वाटते. पिंप संपतं तेव्हा रिकामा कॅन कुणाच्या हातात असतो? १९४२ मध्ये सैन्याच्या गाड्या थांबल्या नव्हत्या, अंधार दादीच्या घरात झाला होता.

दादी १९९४ मध्ये गेली. डबा पुढे कित्येक वर्षं माळ्यावर होता, आधी भरलेला, मग अर्धा, मग त्यात बायकोने तांदूळ ठेवले, पण वास गेला नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात नळाने गॅस येऊ लागला. कामगार शेगडीला नळ जोडत होता. बायकोने त्याला विचारलं, हा गॅस कुठून येतो? तो म्हणाला, रस्त्याखालच्या लाइनमधून. तिने पुन्हा विचारलं, त्या लाइनमध्ये कुठून? त्याने माझ्याकडे पाहिलं. देशात वापरला जाणारा जवळजवळ निम्मा नैसर्गिक वायू द्रवरूपात जहाजांनी येतो, आणि त्यात कतारचा वाटा सगळ्यात मोठा आहे, हे मी तिला सांगितलं. म्हणजे वाट तीच, होर्मुझची. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मी घरी आलो तर तांबट आळीतून तिने एक छोटा बंब आणला होता. जुनाच, कल्हई करून घेतलेला. म्हणाली, यात काहीही जळतं.